प्रेसची दोन बटणं

प्रिय दादा,

तू मला भोचक म्हणतोस, ते खोटं नाही. दोन बटणं दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय कारखान्यातली ती पत्रा दाबायची प्रेस खाली येतच नाही, मग तुझी बोटं आत सापडली कशी? साहेब म्हणतात, तुझंच लक्ष नव्हतं. मला ते पटेना.

काल आमच्या टेबलफॅनचं बटण दाबलेलं राहीना. ह्यांनी फटीत काडी ठोकली. म्हणाले, "प्रेसचं एक बटण आम्ही असंच अडकवतो, काम भराभर उरकतं." आणि लगेच ती काडी उपटून काढली.

त्याच प्रेसवर तुझ्याआधीची पाळी ह्यांचीच. त्या दिवशी काडी काढायची राहिली असेल.

दर रविवारी हे न चुकता तुझी दाढी करून द्यायला का येतात, ते मी विचारणारच होते. नाही विचारलं. हे पत्रही धाडणार नाही.

तुझी,
भोचक