राणीचा निरोप

स्वोर्ड्स, १९ जून २०२१

विक्रांत,

बेरेंग्वेला ही तेराव्या शतकातली स्पॅनिश राणी. आपल्यासारखंच तिचंही लग्न मोडलं होतं. तिचा भाऊ, कॅस्टिलचा राजा, डोक्यात कौल पडून मेला. ते लपवून तिने आधीच्या नवऱ्याला निरोप धाडला, की मुलाला भेटीला पाठवा. मुलगा आला, तिने त्याला गादीवर बसवलं आणि परत पाठवलंच नाही.

परवा मी तुला फोनवर म्हटलं, "केतकीला चार दिवस पाठव. पासपोर्टही दे, शाळेच्या फॉर्मला लागतो."

तू म्हणालास, "देतो, पण नेहमीसारखा हरवू नकोस, बाई." मागून केतकी इथल्या आयरिश पोरांसारखी ओरडली, "ग्रँड, आई!" म्हणजे मस्त, चालेल.

फॉर्म वगैरे काही नाही. माझी नोकरी गेली आहे. सोमवारची पुण्याची विमानाची दोन तिकिटं काढली आहेत, माझं आणि केतकीचं; परतीची नाहीत.

राणीनेही हेच केलं, असं मी स्वतःला बजावते. पण तिच्याकडे मुलाला द्यायला राज्य होतं. माझ्याकडे एकटीने परत जायची भीती आहे, दुसरं काही नाही.

बाहेर तुझी गाडी थांबली आहे. केतकीने खाली पाय ठेवायच्या आत मला हे तुला तोंडाने सांगायला हवं.

सुचित्रा