पाठीवरचा कापूस

जळगाव, चैत्र

प्रिय शेवंते,

तुझं पत्र पोचलं. मी कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला जाते म्हणून त्या ‘जिन’ शब्दावर तू पानभर लिहिलंस. म्हणे मूळ शब्द इंजिन, आणि त्याच्याही मुळाशी अक्कल. पाखरं धरायचा फास म्हणजे जिन, साहेब पितात ती एक दारू तीही जिन. जिनातल्या बेबाबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, “मशीनले अक्कल शे, मंग आपला मुकादमले काबर नही?” दारूचं म्हणशील तर तुझ्या बापाला ती समजायला इंग्रजी लागलं नाही. एवढं सगळं लिहिलंस आणि शेवटी एकच ओळ, आखाजीच्या सणाला येत नाही. कारण काही नाही. अक्षर तूच शिकवलंस, तेव्हा माझ्या काना-मात्रेला हसू नको आणि नीट वाच.

जिन सुटलं की आम्ही बाया एकमेकींची पाठ झटकतो. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हात पोचत नाही. लहानपणी तू फाटकाशी उभी राहायचीस, माझी पाठ दुसऱ्या कोणाला झटकू द्यायची नाहीस. तू शिकवतेस त्या शाळेत मी आले, त्या दिवशी गाडी चुकेल म्हणून भोंगा व्हायच्या आधीच निघाले. पुढून लुगडं झटकलं, केस चोपले, झालं. चाळीसगावला गाडी बदलली तेव्हा डब्यातल्या बाया का बघतात ते कळेना. तुझ्या शाळेत शिरले तर मागून पोरी फिदीफिदी. मग हात मागे नेला. बोटांना कापूस लागला. तेवढ्यात मोठ्या बाईंनी विचारलं, आपण कोण? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शेवंताबाईंच्या शेजारची, सांडग्यांचा डबा द्यायला आले.

तू मागून आलीस. माझी पाठ झटकायला लागलीस, अगदी फाटकाशी झटकायचीस तशी. आणि मी खांदा काढून घेतला. म्हटलं, राहू द्या बाई. पोटच्या पोरीला राहू द्या म्हटलं! तुझा हात तसाच राहिला. चारचौघांत तू माझं खोटं उघडं पाडलं नाहीस, डबा घेतलास आणि वर्गात गेलीस.

परतताना गाडीत मनाला सांगत होते, पोरीची अब्रू राखली. थापा. तुला कुठे लाज होती? लाज मलाच वाटली, ज्या जिनावर तुला शिकवलं त्याचीच. तेव्हापासून भाकर गोड लागत नाही.

आखाजीला लेकीनं मायकडे यायचं ही रीत. तू येत नाहीस, तर मीच येते. शनिवारी, थेट जिनातून. बेबाबाईला बजावलंय, माझ्या पाठीला हात लावायचा नाही. तू शाळेच्या फाटकाशी उभी राहा, मोठ्या बाईंनाही बोलाव. मी कोण ते माझ्या तोंडानं सांगीन. मग झटक. रागासकट, जोरात झटक. खांदा हलवणार नाही.

तुझीच,
माय