डाव्या कानातली पंचफुला

२ एप्रिल
मंडळाच्या रंगरावनं जयंतीच्या मिरवणुकीसाठी माह्या आवाजात गाणं रेकॉर्ड कराले सांगतलं. सोजराबाईलेही घेतलं. चाळीस वर्षं संग गातो आम्ही, पण मी नसली तर तिचं एक कडवं निभत नाही. मले तिचा हेवा नाही. लिहून ठेवते.

४ एप्रिल
नात पायल चिखलीले साउंडचं शिकली. घरीच रेकॉर्डिंग केलं, मंग कम्प्युटरवर दोघींचे आवाज जुळवत बसली. त्याले मिक्सिंग म्हणते. ऐकलं तर सोजरा माह्या अंगावर चढलेली. म्हनलं, तिले कमी कर. तर पायल म्हणे, आजी, सुरात त्याच आहेत, कमी केलं तर गाणं पडते. पोरीचे कान कच्चे आहेत अजून.

६ एप्रिल, सकाळी
युक्ती मलेच सुचली. म्हनलं, मले एका कानात टाक अन् तिले दुसऱ्यात, दोन सवती एका खोलीत काऊन कोंबतं? पायलनं हेडफोनच्या डाव्या कानात मले टाकलं, उजव्यात सोजरा. मी उजवा कान काढून ऐकलं. पूर्ण गाणं माहंच. असं मिक्सिंग जिल्ह्यात कोणी केलं नसन.

८ एप्रिल
पायल डोकं खाऊन राह्यली. म्हणे हेडफोनात वाटते तसं भोंग्यात वाटन असं नाही. मोबाइलवर लावून पाहू, मिरवणुकीत भोंगे लावते त्या जुनेदच्या टेम्पोवर लावून पाहू, नाही तर दोघींले मधात, दोन्ही कानांत घेते. म्हनलं, गंजात शिजलं तेच ताटात येते. फायनल कर. केलं तिनं, तोंड पाडून.

१४ एप्रिल, दुपारी
जुनेदच्या टेम्पोवर दोन भोंगे, दोन्ही एकाच वायरवर. त्या वायरीत फक्त उजवी बाजू येते म्हणे. विहारापासून स्टँडपर्यंत एकटी सोजरा गायली. मी पांढरं पातळ नेसून टेम्पोच्या पुढं तोंड हलवत चालली. शेजारची आशाबाई म्हणे, पंचफुलाबाई, यंदा गाणं लय मोकळं झालं. म्हनलं हाव, युक्ती माहीच.

१५ एप्रिल
जुनेद वायरीचं पुन्हा समजवाले घरी आला. त्याले इतकं बोलली की चहा न पेता गेला. मंग मोबाइलवर ऐकलं. तिथं दोन्ही आवाज येते. प्रत्येक ओळीले सोजरा पोचते, अन् मी मागून धापा टाकत. चारदा ऐकलं. मोबाइल खराब आहे.

१७ एप्रिल
सोजराबाई आली. बुद्धपौर्णिमेले उंद्रीवाल्याईनं तिले गायले बोलावलं, एकटीले. म्हणे टाळी धराले एक बाई लागते, येतं का वो. म्हनलं, मले कामं आहेत. बरं म्हणे, मंडळातल्या योगिनीले विचारते.
ती फाटकापर्यंत गेली. मंग मी विचारलं, गाडी किती वाजता निघते.