शेंदराची आतली बाजू

२ फेब्रु., रवि.
गावी. वहिनीच्या देवघराची सफाई. मी टाक चिंचेने घासून देत होतो, त्यात भैरवनाथाच्या शेंदराचा तुकडा हाती आला. तीन वर्षांपूर्वी देवाचं जुनं कवच उतरवलं, तेव्हा घरोघरी प्रसाद म्हणून गेला त्यातला. तळहाताएवढा, पण जड. पुसताना पालथा झाला. आतून खळगे, ओळीने. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

वहिनी म्हणाली, "भावजी, देव उलटा करून काय बघता? पोरगी बघायला गेलते तवा एवढं निरखलं नाय."

हसलो. पण डोक्यातून जाईना. शेंदराचा पहिला थर दगडालाच चिकटतो. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यावर थर चढतात. म्हणजे कवचाची आतली बाजू हा मूर्तीचा साचाच. शेंदरी देवांवर पुस्तक लिहायला बसलोय आणि हे आजवर सुचलं नाही.

तुकडा मागितला. वाटीत ठेवून, वर बेलाचं पान घालून दिला. शिवरात्रीच्या आत परत आणायचा आहे.

३ फेब्रु., सोम.
शाळेत दिवसभर सातवीची चित्रं तपासली. दुपारी प्रकाशकबाईंचा फोन. शेवटचं प्रकरण कधी देता? त्यांना मूर्तिचोरी हवी. "वाचकाला चोर लागतो हो." म्हटलं, माझ्या पुस्तकात देव आहेत. "मग चोरीला गेलेले दाखवा." बाईंपुढे बोलायची सोय नाही.

कॉलेजातल्या माझ्या सरांची प्रस्तावना पोचली म्हणाल्या. चांगली असणारच. खेड्यातून आलेला मी. दगडाकडे कसं बघायचं, छिन्नी कुठल्या अंगाने चालली ते कसं ओळखायचं, सगळं सरांनी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी घरी बोलावून शिकवत. भैरवनाथाचं कवचही त्यांच्याच देखरेखीखाली उतरलं.

४ फेब्रु., मंगळ. रथसप्तमी
सूर्याला अर्घ्य. मग कणीक घट्ट मळली, तेलाचा हात लावून तुकड्यात दाबली. मंदा म्हणे, "अहो, आज नैवेद्याच्या पोळ्या देवच लाटणार वाटतं."

पहिल्यांदा फाटली. दुसऱ्यांदा सबंध निघाली. तीन चेहरे. बोराएवढे. एकाचे डोळे मिटलेले, एकाचं तोंड उघडं, तिसऱ्याला मिशा. मुंडमाळा आहे. भैरवाच्या गळ्यात असतेच.

कपाटातून सरांनी दिलेला फोटो काढला. मुखपृष्ठासाठी दिला होता, कवच उतरलं त्याच दिवसाचा, उघड्या मूर्तीचा. त्यात माळ आहे. साध्या गोल मण्यांची.

भिंग घेऊन बसलो. मणीच.

५ फेब्रु., बुध.
कवच उतरलं त्या दिवशी दगड असा, आणि कवचात उमटलेला दगड तसा. झीज म्हणावी तर मधे वेळच गेलेला नाही.

दुसरा अर्थ असेलही. असावा.

जप करताना दोनदा चुकलो.

८ फेब्रु., शनि.
सरांना फोन केला. आधी तब्येत, प्रस्तावना वगैरे. मग सहज विचारल्यासारखं, भैरवनाथाच्या गळ्यातली माळ मुंडांची का मण्यांची? "का?" माझा प्रश्न संपायच्या आतच सरांनी विचारलं. म्हटलं, गावात शेंदराचे तुकडे आहेत, आतून काही उमटलंय का बघतोय.

"तुकडे? ते सगळे गंगेत सोडले ना?"

म्हटलं, बायकांनी प्रसाद म्हणून ठेवलेत थोडे. मग सर फार वेळ शेंदरातल्या शिशाबद्दल बोलले. विषारी असतं, पोराबाळांच्या घरात नको. खरंच आहे ते. कोणाकोणाकडे आहेत, हेही विचारलं. मला माहीत नाही म्हणालो. वहिनीचं नाव का घेतलं नाही?

सरांबद्दल असं मनात येतं याचीच लाज वाटते.

९ फेब्रु., रवि.
गावी, निवृत्ती गुरवाकडे. देवाची पूजा पिढीजात त्यांच्याकडे. ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्या दिवसाचं विचारलं.

देव उघडा असताना गावाने बघायचं नाही, ही रीत. पडदा लागला, बाहेर संबळ वाजत होता, सगळं गाव पाठ करून बसलेलं. मीही बसलो होतो. माझी समजूत होती की गुरव तरी आत असणार. तर निवृत्तीदादा म्हणाले, "मी बी पाठच केली. सर म्हनले, तू पुजारी, तूच रीत मोडतो का?"

म्हणजे आत सर आणि सरांनी आणलेले दोन कारागीर. दगडाला आधार द्यायला म्हणून लाकडी पेट्या आणल्या होत्या. तीन दिवस पडदा. चौथ्या दिवशी नवे डोळे बसवलेला देव, त्याला पातळ शेंदूर. लोक रडले. मीसुद्धा.

आधी देवाला कोणीच पाहिलेलं नाही. बदलला म्हणायचं तर कशावरून?

तुकड्यांचं विचारलं. सर म्हणाले होते सगळे गोदावरीत सोड. पण बाया मागे लागल्या, दादांनी पोत्यातून काढून काढून दिले. सरांना सांगितलं नाही. "ते शिकल्याले मानूस, रागावत्याल."

उठता उठता म्हणाले, शेजारच्या वीराच्या दगडाचाही शेंदूर तेव्हा खरवडला होता, तुकडे एकत्र झाले असतील. हे ऐकून जीव हलका झाला. बसस्टँडपर्यंतच. वीराच्या गळ्यात मुंडमाळा कशाला असेल?

१२ फेब्रु., बुध.
शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. पहिल्या वाक्यात सरांचं नाव आलं. खोडलं. नाव न घेता लिहिलं, तर उद्या गावात जाऊन प्रत्येकाला काय सांगणार? वहिनी रोज पहाटे दर्शन घेते. भाऊ गेला त्या वर्षी त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याला धरून उभी राहिली होती. तिला सांगू की हा तो नव्हे?

न लिहावं तर खरा देव कुठल्यातरी परदेशी माणसाच्या दिवाणखान्यात. अंगावर शेंदूर नाही, समोर दिवा नाही.

१६ फेब्रु., रवि.
गावी. वहिनी खूश. गुरुवारी गाडीतून दोन सभ्य माणसं आली होती, शहरातली. ज्यांच्या घरी शेंदराचे तुकडे आहेत त्यांना बदल्यात भैरवनाथाचा चांदीचा टाक. जुने तुकडे वस्तुसंग्रहालयात जाणार, विषारी असतात, घरात नकोत. सगळ्या आळीने दिले.

"आपला नव्हता म्हनून मला टाक नाय भेटला. म्हटलं, भावजींनी नाशकाला नेलाय, त्यांच्याकडं जा."

हे ती तक्रारीने सांगत होती. तुकडा परत द्यायला पिशवीत आणला होता, तसाच घेऊन आलो. शिवरात्रीची आठवण करून दिली तिने. हो म्हणालो.

मी शनिवारी फोन केला. माणसं गुरुवारी आली.

१७ फेब्रु., सोम.
कणकेचा ठसा वाळून तडकला. मिशावाला चेहरा गेला. पुन्हा घेण्यासारखा तुकडा आता फक्त माझ्याकडे.

पोलीस? काय सांगू? कणीक दाखवू?

बाईंना प्रकरणासाठी महिना मागितला. चोर सापडला का, म्हणाल्या. गमतीत.

१८ फेब्रु., मंगळ.
शाळा सुटताना सरांचा फोन. आवाज नेहमीसारखा, प्रेमळ. "तुझ्याकडे एक आहे म्हणे. घेऊन ये, दोघं मिळून बघू."

दोघं मिळून बघू. वीस वर्षं हे वाक्य ऐकून मी धावत गेलोय. खरोखर बघायचंच असेल तर? सरांनाही फसवलं असेल कारागिरांनी, तर? तरी तोंडातून निघालं, "नाही सर, गंगेत सोडला. तुम्ही विषारी म्हणालात ना."

खोटं. तेही गंगेचं नाव घेऊन.

सर वर्गात विचारायचे तसंच, हळू, "कोणत्या घाटावर?"

सांगितलं. इथे लिहून ठेवतो, पुन्हा विचारलं तर तेच सांगता आलं पाहिजे: टाळकुटेश्वराच्या पुलाखाली, काल सकाळी, एकटाच होतो, पाणी बरंच होतं.