चुंबळ हलवल्याबद्दल

दस्तुरी नाका, माथेरान
१४ डिसेंबर

आत्या, तू काहीही म्हण, पण त्या बॅगेला पहिला हात मी घातला नव्हता. आमच्या नाक्यावरच्या हमाल नागूकाकाच्या आणि माझ्या ओढाताणीत ती आपली आपण दरीकडे गेली, वाटेत उघडली, आणि आतला शाम्पू माकडांनी नेला, त्यात माझा काडीचा दोष नाही. माकडांना काय मी आवतण दिलं होतं? पण फोनवर तू ऐकूनच घेत नाहीस. मी तोंड उघडलं की तू प्रार्थना सुरू करतेस. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात, आणि माझ्या डोक्यावर त्या वेळी कुणाचं तरी सामान असतं. मागच्या खेपेला ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तर नाकासमोर घोडा. म्हणून शेवटी हा कागद. कागदाला तू मध्येच अडवू शकत नाहीस.

आता रीत पाळतो. तीर्थरूप आत्यास प्रवीणचा प्रभूच्या नावाने सलाम. तुझी कंबर कशी आहे? शेळी व्याली का? पाळकसाहेबांना सलाम सांग, आणि हेही सांग की मी रविवारी भक्तीला कर्जतपर्यंत उतरतो (दर रविवारी नाही, पण उतरतो). माझी तब्येत चांगली आहे. मान जरा आखूड झाल्यासारखी वाटते, पण हमालाची मान अशीच असते म्हणतात.

तर मुद्दा असा, की तू हुकूम सोडलास: भेटेल त्या माणसावर प्रेम कर, आणि नागूशी गोडी केल्याशिवाय नाताळाला घराची पायरी चढू नकोस. तू म्हटलंस म्हणजे ते होणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. थोरल्या काकांना दारू सुटेपर्यंत तू अख्खा हिवाळा ओट्यावर झोपवलं होतंस. काकांना तरी घोंगडी होती. मी तर तुझ्याच हातचं खाऊन वाढलो, मला नाताळाला दुसरीकडे कोण विचारणार? म्हणून सोमवारपासून मी प्रेमाला लागलो.

सुरुवात गिऱ्हाइकांपासून केली. तुला माहीत आहे, इथे वर मोटार येत नाही. सगळ्या गाड्या दस्तुरीला थांबतात आणि पुढे घोडा, हातरिक्षा, नाहीतर आपले पाय. सामान आमच्या डोक्यावर. नाक्यापासून बाजारापर्यंत जवळजवळ कोसभर चाल आहे. कुणी एक कोस न्यायला लावलं तर दोन कोस जावं, ही येशूची शिकवण मला वाटतं माथेरानच्या हमालांसाठीच असावी. तर सुरतेचं एक कुटुंब आलं. मी त्यांच्या तीन बॅगा हॉटेलच्या दारात नेल्या आणि नम्रपणे म्हणालो, चला, आता आणखी एक कोस फुकट. ते काका म्हणाले, अरे भाई, हॉटेल तर हेच आहे. मी म्हटलं, असू द्या, प्रेम आहे. आणि बॅगा घेऊन निघालो. आत्या, त्या बाईने जी किंकाळी फोडली! मॅनेजर धावत आला, घोडेवाले धावत आले. येशूने सांगितलंय असं मी मॅनेजरला समजावत होतो, तर तो विचारतो, कोण येशू, कुठल्या लायनीचा? शेवटी काकांनीच सोडवलं. म्हणाले, पोरगा चोर नाही, उन्हाने असं झालंय. (डिसेंबरात!)

तेव्हा मी ठरवलं, किरकोळ प्रेम बंद. सरळ नागूकाकाला हात घालायचा.

नागूकाका म्हणजे पन्नाशी ओलांडलेला माणूस. डोंगराखालच्या गावात भाताची थोडी जमीन, आणि रोज पहाटे पायवाटेने वर. तीस वर्षं ओझी वाहून त्याचं डोकं वरून सपाट झालंय, त्यावर पेला ठेवला तर हलणार नाही. आमच्या लायनीत नंबराची एक पद्धत आहे. जो येईल त्याने आपली चुंबळ, म्हणजे डोक्याखाली घ्यायची फडक्याची वेटोळी, कठड्यावर रांगेत ठेवायची. मग चहाला जा, कुठेही जा, तुमची चुंबळ तुमच्या जागी उभी. पाळी आली की जे ओझं येईल ते उचलायचं, नाही म्हटलं तर त्या दिवसाचा नंबर गेला. आणि दुसऱ्याच्या चुंबळीला हात लावायचा नाही. लावला तर आठ दिवस लायनीबाहेर. हे लिहिलेलं कुठे नाही, पण आमचा म्होरक्या आबाजी सांगतो की हे त्याच्या आज्यापासून आहे.

गुरुवारी मी सगळ्यात आधी पोचलो. माझी चुंबळ पहिली. थोड्या वेळाने बघतो तर नागूकाकाची आठवी! रोज पहिला येणारा माणूस आठवा. माझ्या मनात आलं, बिचाऱ्याला आज उशीर झाला, हीच प्रेमाची वेळ. आणि उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नये, हे तूच शिकवलंस. मी इकडेतिकडे बघितलं, त्याची चुंबळ उचलून पहिली ठेवली आणि माझी आठवी. मग चहावाल्याकडे जाऊन असा गोड चेहरा करून बसलो की त्याने विचारलं, लग्न ठरलं का?

एवढ्यात पहिला टेंपो आला. त्यातून उतरली बटाट्याची दोन पोती, एका हॉटेलची. आबाजीने हाक मारली, “पयला कोन रं?” आणि नागूकाका आला. आत्या, तो लंगडत होता. गुडघा असा सुजलेला, जसं पपई बांधलीय. तेव्हा मला कळलं. पहाटेच्या टेंपोला हॉटेलांचा जड माल असतो, नऊनंतर पाहुण्यांच्या हलक्या बॅगा. म्हणून तो मुद्दाम झाडाखाली बसून राहिला होता आणि सात जण पुढे जाऊ दिले होते. आणि मी प्रेमाने त्याला पोत्यांखाली घातलं.

“कोनी हात लावला रं माझ्या चुंबळीला?” म्हणून तो जो ओरडला, की घोड्यांनी कान टवकारले. आबाजीने सगळ्यांना उभं केलं आणि शपथा घ्यायला लावल्या. कुणी खंडोबाची घेतली, कुणी आईची, एकाने आईची आणि सासूची दोघींची. माझी पाळी आली. आपल्यात शपथ खात नाहीत, हो तर हो आणि नाही तर नाही. ‘नाही’ माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. आठ दिवस लायनीबाहेर, तेही ऐन नाताळाच्या गर्दीत! पण तोंडातून निघालं, मी हलवली.

झालं. “बगा! अजून डंख धरून हाय घाटावरला!” असं नागूकाका म्हणाला, आणि सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं. मी म्हटलं, पोती मी नेतो. तो म्हणाला, तुझा उपकार नको. त्याने एक पोतं घेतलं, मी दुसरं घेऊन मागे. शंभर पावलांवर तो बसला. मी माझं पोतं पुढे ठेवलं, परत आलो, त्याचं उचललं. असं एक पुढे नेऊन ठेव, मागे येऊन दुसरं उचल, करत दोन्ही पोती बाजारात नेली. म्हणजे दोन कोस काय, तीन झाले. तो काठी टेकत बाजूने चालत होता आणि अख्खी वाट मला शिव्या देत होता. शिव्या संपल्यावर म्हणाला, “त्या दिशी बॅगंला पयला हात कोनी घातला?” मी पोतं सावरलं. चढ होता. मग म्हटलं, मी. (बघ, आता तुलाही कळलं.) तो म्हणाला, “मंग आज ह्यो कारभार कशापाई?” मी तुझा हुकूम सांगितला. तो एवढा हसला की खाली बसावं लागलं. “तुझ्या आत्याला सांग, मया करायची तर आदी इचारायचा. बाबा, तुला काय पायजे, असा.”

नियम मात्र नियमच. आबाजीने मला आठ दिवस बाहेर काढलं. तेव्हा नागूकाकाच म्हणाला, “त्याची चुंबळ ठेवू नाय, एवढाच ना? मंग चुंबळ माझी, डोस्का त्याचा.” आबाजीने बराच वेळ दाढी खाजवली, पण आज्याच्या नियमात डोक्याबद्दल काही निघालं नाही. तेव्हापासून त्याच्या नंबरावर मी ओझी वाहतो, मजुरी निम्मी निम्मी. तो कठड्यावर पाय लांब करून बसतो आणि मी चुकीच्या पायाने उचलतो असं दिवसभर सांगतो. गुडघ्याची सूज उतरतेय. दुपारी गौराबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिलेली भाकरी दोघांत खातो.

तर गोडी झाली. पायरी मोकळी कर.

तुझा,
प्रवीण

ता. क. – खरं सांगायचं तर पत्र याच्यासाठीच लिहिलं. नाताळाला मी एकटा येत नाही, नागूकाका आणि गौराबाई दोघांना घेऊन येतोय, बोलून बसलो आहे. कोंबडी दोन कर. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना करायची तुला हुक्की येईल, ती जेवण झाल्यावर, आणि तो हो म्हणाला तरच.

ता. क. २ – या महिन्याचे दोन हजार नाहीत, पंधराशे आहेत, कारण आठ दिवस अर्ध्या वाट्यावर. हे मी नागूकाकाला वाचून दाखवलं तर त्याने बंडीतून शंभराची नोट काढली. रिकाम्या हाताने पाहुण्याकडे जात नाहीत म्हणे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “इचारतो रं. देऊ का?” मी हो म्हटलं. मग त्याने नोटेवर एक रुपयाचं नाणं ठेवलं, त्यांच्यात नुसते शंभर देत नाहीत. तर पाठवतोय एकूण रुपये एक हजार सहाशे एक.