नळी आधी जमिनीकडे

अण्णा, तुमच्या मुलाचा परवा फोन आला होता. इतक्या वर्षांनी. त्याने नुसतं "हॅलो" म्हटलं आणि माझ्या डाव्या हाताची आपोआप मूठ वळली, म्हणजे बघा, हाताला माझ्या आधी ओळख पटली. त्याने एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर या जगात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं, आणि त्यातले तुम्ही गेलात. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. सून मेलेल्या सासऱ्याला पत्र लिहिते म्हटल्यावर लोक म्हणतील, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत. माझ्याबद्दल याहून वाईट म्हणून झालंय त्यांचं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही अमेरिकेत, बॉथेलला आमच्याकडे आलात. ऐंशीच्या दशकातलं बॉथेल म्हणजे उंच झाडं, चिखल आणि मधूनमधून एखादं घर. आज तिथे गेलात तर रस्ता सापडायचा नाही तुम्हाला. तुमचं सारं आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेलं, तेही चाचणी विभागात. आलेल्या मालातली मूठभर काडतुसं झाडून बघायची आणि बाकीची पास करायची, हे काम. अशा माणसाला तुमच्या लेकाने सोफ्यावर टीव्हीसमोर बसवलं. आठवड्याभरात तुम्ही कुंपणापाशी शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याशी गप्पा मारायला लागलात. तो काडतुसं विकत घेत नसे, घरीच भरायचा. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, पावडर तोलून ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. महिन्याभरात आमच्या गॅरेजमध्ये त्याच्याकडचं गोळी दाबायचं जुनं प्रेस आलं, तराजू आला आणि मागोमाग तुमचं स्वतःचं अडतीस नंबरचं रिव्हॉल्व्हर आलं. तुमचा मुलगा हसायचा. पाहुण्यांना सांगायचा, "अण्णांना हॉबी मिळाली, यार. गुड फॉर हिम."

तो मला मारायचा हे तुम्हाला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पातळ भिंतींचं लाकडी घर ते, न कळून कसं राहील? तो दारू पीत नव्हता. पीत असता तर निदान दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. शुद्धीत मारायचा, आधी हातातलं घड्याळ काढून. तो घड्याळ काढायला लागला की तुम्ही उठायचात आणि गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचात. मग इकडे माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटायचं आणि तिकडे तुमच्या प्रेसची दांडी खाली-वर, खाली-वर वाजत राहायची. मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. तो आवाज मला अजूनही ऐकू येतो, आणि मार आठवतो त्याहून जास्त तो आठवतो.

मग त्याने माझं उजवं मनगट दारात धरून मोडलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तुम्ही मला गॅरेजमध्ये बोलावलंत. स्टूल पुढे ओढलंत आणि म्हणालात, "बस. पावडर तोलायला शीक. आणि हे चालवायलाही शीक." का, ते तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नेहमीच्या काडतुसाचा झटका माझ्या मनगटाला सोसेना, म्हणून तुम्ही पावडर कमी केलीत. फार कमीही नाही. "गोळी नळीतच अडकली तर बंदूक हातात फुटेल," असं दर वेळी बजावायचात. तेवढ्या पावडरने पुंगळी निम्मीसुद्धा भरत नसे. ती काडतुसं मी भरायची आणि मीच झाडायची. खडीच्या खाणीपाशी शेजारच्या म्हाताऱ्याने गोळीचा वेग मोजायचं यंत्र मांडलं होतं. तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही मान हलवायचात. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दणकन फोडत होते आणि त्याबद्दल मला कुणी मारत नव्हतं.

पण आकडे जुळेनात. एक गोळी वेगात जायची, दुसरी सेकंदाला शंभराहून जास्त फुटांनी मागे पडायची. तुम्ही माझ्यावर खवळलात. "तोलताना लक्ष कुठे असतं तुझं? एवढं साधं काम नीट होत नाही?" म्हणून तराजूचं पारडं माझ्यासमोर आपटलंत. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं, अण्णा. झाकायचं असं काही ठरवलं नव्हतं, हात आपले गेले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग पारड्याकडे बघितलंत, आणि बाहेर निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात तेव्हा मी फोडणी करत होते. ओट्यावरची मोहरीची बाटली तुम्ही उचललीत, निम्मी रिकामी. ती उभी धरून मग हळूच आडवी केलीत. मोहरी बुडाशी राहिली. मग उलटी धरलीत, हळूच आडवी केलीत. मोहरी झाकणापाशी राहिली. "बघ," म्हणालात. "पुंगळी अर्धी रिकामी आहे. नळी आधी आभाळाकडे करून खाली आणलीस तर पावडर मागे, ठिणगीपाशी बसते. एकदम पेटते, गोळी जोरात जाते. आधी जमिनीकडे करून वर आणलीस तर पावडर पुढे राहते, ठिणगी तिच्यापर्यंत उशिरा जाते, गोळी मंद सुटते. आज सकाळी दोन्ही करून पाहिलं. तोलण्यात चूक तुझी नव्हती." आणि जाता जाता, दाराशी थांबून, "चूक माझी होती." त्या घरात कुठल्याही पुरुषाने ते वाक्य त्याआधी उच्चारलं नव्हतं. माझी फोडणी करपली, ती मी आनंदाने टाकून दिली.

त्यानंतर खाणीत आम्ही दोन्ही प्रकार करायचो. तुमचा हात मला पाठ झाला. जमिनीकडची नळी वर आणताना तुम्ही काठोकाठ भरलेला दुधाचा पेला उचलावा तसा हात उचलायचात, पावडर जागची हलू नये म्हणून.

आणि तो रविवार. कुकर लावलाय. सकाळी तो झोपलेला असताना मी त्याची गाडी काढून दूध आणि कोथिंबीर आणली आहे. गाडी चालवायला शेजारच्या म्हाताऱ्याने चोरून शिकवलंय. सगळं जागच्या जागी ठेवलं, फक्त गाडीचा आरसा माझ्या उंचीला वळवलेला तसाच राहिला. तेवढ्यावरून त्याला कळलं. तो आत येतो, घड्याळ काढून ओट्यावर ठेवतो. "हू टोल्ड यू टू टच माय कार?" माझे केस धरून तोंड फ्रिजवर आपटतो, एकदा, पुन्हा एकदा, दात तुटून जिभेवर येतो. मी खाली बसते तर केसांनीच वर ओढतो आणि माझा डावा हात विजेच्या शेगडीच्या लाल झालेल्या कॉइलवर दाबून धरतो. "ड्राइव्ह करायचंय? याच हाताने ना?" त्या वासाबद्दल मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगत नाही, तुम्ही तिथे होतात.

गॅरेजचं दार उघडं आहे. दारात तुम्ही, हातात रिव्हॉल्व्हर, त्याच्याकडे रोखलेलं. "सोड तिला."

तो वळून बघतो आणि हसतो. "तुम्ही? अण्णा, कमॉन. तुम्ही आईला मारायचात तेव्हा कोण आलं होतं सोडवायला?"

तुमचा चेहरा त्या क्षणी पडला. रिव्हॉल्व्हर हळूहळू खाली गेलं, नळी थेट फरशीकडे. तो मला म्हणाला, "बघितलंस?" आणि हात पुन्हा कॉइलवर दाबला. मला वाटलं, संपलं. आता हे जातील आणि दार लावून घेतील. पण मग तुमचा हात वर यायला लागला. सावकाश. भरलेला पेला उचलावा तसा. आणि तेवढ्या आगीतही मला कळलं की तुम्ही काय करताय.

गोळी त्याच्या मांडीत घुसली. तो पडला, गुरासारखा ओरडायला लागला, रक्त ओट्याखाली गेलं, आणि कुकरची शिट्टी झाली. तुम्ही शेगडी बंद केलीत. माझा हात गार पाण्याच्या नळाखाली धरलात आणि माझ्या कानाशी म्हणालात, "नळी खाली का नेली ते तुला कळलंय. ते तोंडातून काढायचं नाही. कधीच."

सर्जन म्हणाला, हाड शाबूत आहे, नशीबवान माणूस, काडतूस दुबळं असावं. काडतूस मी भरलेलं होतं. शंभर फुटांच्या फरकाने माणूस वाचतो का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसणार. तुमच्या हातात तेवढंच होतं म्हणून तेवढं केलंत. आणि कोर्टात नेमकं तेच तुमच्यावर उलटलं. सरकारी वकील ज्यूरीला सांगत होता, याने बंदूक खाली घेतली, म्हणजे राग ओसरला होता. मग विचार करून पुन्हा उचलली. तुमचा वकील विनवत होता की म्हणा, घाबरवायचं होतं. तुम्ही उभं राहून सांगितलंत, "मारायचंच होतं. हात हलला, नेम चुकला." उभ्या आयुष्यात तुमचा नेम चुकलेला मी पाहिला नाही. तुमचा लेक समोर बसून ऐकत होता, पांढराफटक पडला होता. कोर्टातून जो निघाला तो देशाच्या दुसऱ्या टोकाच्या राज्यात जाऊन राहिला, घटस्फोटाचे कागद वकिलाकडून आले. माझ्या दाराशी तो पुन्हा फिरकला नाही.

तुरुंगात काचेपलीकडे बसलेल्या तुम्हाला मी म्हटलं, मला खरं सांगू द्या, शिक्षा कमी होईल. तुम्ही डाफरलात. "बापाने हात राखला हे कळलं की तो उद्या परत येईल. भीती आहे तोवर तू जिवंत आहेस." मग टेलिफोन दुसऱ्या कानाला नेऊन म्हणालात, "लहानपणी त्याला पट्ट्याने मारताना मी कधी हात राखला नाही. त्याच्या आईलाही नाही. जन्मात एकदाच राखला, आणि ते त्याला कळायचं नाही. जाऊ दे. शिक्षा म्हणतात ती हीच." दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही तिथेच गेलात. तुमचा लेक आला नाही. खांदा शेजारच्या म्हाताऱ्याने दिला.

तर परवाचा फोन. आवाज म्हातारा झालाय त्याचा. थंडीत मांडी दुखते म्हणाला, काठी लागते म्हणाला. मग म्हणाला, "यू वेअर देअर. खरं सांग. अण्णांना मला खरंच मारायचं होतं का?" मी ओट्यापाशी उभी होते. समोर मोहरीची बाटली होती, निम्मी रिकामी. मी म्हटलं, "हो. मारायचंच होतं. नेम चुकला." तिकडून रडणं ऐकू आलं. मी फोन धरून ते शेवटपर्यंत ऐकलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, नाहीतरी टाकलं नसतंच. तुम्हाला वाटेल, सुनेने शब्द पाळला. नाही, अण्णा. भीती केव्हाच गेली होती आणि तुमचा शब्द त्या घडीला आठवलाही नाही. खरं सांगून त्याला बाप परत देता आला असता, हे मला पक्कं माहीत होतं. तुम्ही हात राखलात. मी नाही राखला.