होडी तरंगवण्याचे दाम

५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

केकचा धंदा बरा चालला आहे, पण कालपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे वडील ऐंशी वर्षांचे होत आहेत. ते जन्मभर होडीवर राबले, म्हणून खाली मी केलेला साखरेचा समुद्र आणि वर लाकडी होडी, असा केक ठरला. नेमकी तीच होडी बाईंना खेळण्यांच्या दुकानात दिसली. विकतचं खेळणं ठेवून एवढे दाम कसले, असं त्यांनी विचारलं आणि माझीच दातखीळ बसली. निम्म्यावर यावं, की असे केक करणंच सोडावं? जन्मभर इमारतींचे आराखडे तपासलेल्या तुझ्या डोक्याची गरज आहे. काकांना नमस्कार.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. अक्षर सुधारलेलं नाही.

निम्म्यावर येण्याचा विचारही मनात आणू नकोस. तसं करणं म्हणजे आधीचे दाम खोटे होते, अशी कबुली देणं. विकतची होडी मात्र मला मुळीच पसंत नाही. उसन्या दागिन्यांत नटलेल्या नवरीसारखा तो केक दिसेल. ठेवायचीच असेल, तर होडीचे दाम वेगळे सांग, कामाचे वेगळे. दुकानाचं दुकानाला, तुझं तुला. तुझे काका म्हणतात, केकचा तुकडा आल्याशिवाय कुणालाही सल्ला देऊ नये. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

कळकळीने,
मावशी

१९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सल्ल्याने माझी चांगलीच फजिती केली! होडीचे दाम वेगळे ऐकताच बाई म्हणाल्या, मग ती वगळा, आम्ही घरची देतो. आणि आणली काय, तर वडिलांच्या टेबलावरची भरीव पितळी होडी! मऊ केकवर तिला थेट जलसमाधीच मिळाली असती. मग केकच्या पोटात जाड नळ्यांचे खांब रोवले, त्यांवर पातळ फळी, फळीवर होडी, आणि फळी झाकायला आणखी लाटा. घरच्या होडीने विकतच्या होडीहून दुप्पट राबवलं.

बाई केक न्यायला आल्या तेव्हा मी खांबांचे दामही मागितले. मावशी, जीभ अडखळली नाही! त्यांनी वाकून लाटांखाली पाहिलं. मग म्हणाल्या की त्या दात भरतात तेव्हाही लोकांना फक्त वरची चकाकी दिसते. पैसे मुकाट्याने दिले.

आता माझा एकच नियम: केकवरची वस्तू कुठूनही येवो, ती उभी ठेवण्याचे पैसे माझे.

तुझी,
भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माझा सल्ला चुकला असं मी म्हणणार नाही. तो अपुरा होता. तुझा नियम काटेकोर आहे. मी केला असता, तर असाच केला असता.

पुढच्या महिन्यात काकांचा वाढदिवस. त्यांनी स्वतः घडवलेलं मातीचं बदकच केकवर हवं, असा हट्ट आहे. बदक कुरूप आहे, जड आहे आणि डावीकडे कलतं. ते तसंच कललेलं दिसलं पाहिजे, पण पडता कामा नये. मावशीचं काम म्हणून दाम उतरवलेस, तर केक दारातूनच परत पाठवीन. काका म्हणतात, त्याआधी ते एक तुकडा कापून घेतील.

लोभ आहेच, तो असाच पेलून धर.

तुझी,
मावशी